नऊ नंबरची सुई

नांदेडच्या त्या दवाखान्यात कागदी चार्ट जाऊन टॅब आले, पण सिस्टरांच्या सवयी होत्या तशाच राहिल्या. सौदामिनीताईंसारख्या जुन्या सिस्टर आधी सगळ्या औषधांपुढे खुणा करून टाकत आणि मग ट्रे घेऊन फिरत. लुंबिनीचं उलट. ती आधी औषध देई, तळहातावर पेनाने टिपून ठेवी आणि सवड मिळाली की चार्ट भरी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती टॅबने थोडीच जाणार?

त्या दुपारी जेवणाआधी तिने नऊ नंबरच्या खाटेवरच्या रत्नम्माला इन्सुलिन दिलं. नोंद करायला गेली तर टॅबवर नुसतं चक्र फिरत राहिलं. नंतर करू म्हणाली, तेवढ्यात ड्यूटी संपली. घाईघाईत ताईंवर वॉर्ड सोपवून ती ऑटोत बसली. घाम पुसायला हात वर केला तेव्हा तळहातावरचा नऊ दिसला.

नोंद नाही म्हणजे दिलंच नाही, असं ताई धरून चालणार आणि पुन्हा सुई देणार. म्हातारी देगलूरकडची, तेलुगूशिवाय बोलत नाही. ती नको कसं म्हणणार? साखर एकदम उतरली तरी बाईचा डोळा लागला असंच सगळ्यांना वाटेल. वॉर्डातला फोन कुणी उचलेना. तिने ऑटो माघारी फिरवायला लावला. रस्ता गाड्यांनी तुंबला होता आणि हिचा जीव टांगणीला लागला होता.

वॉर्डात शिरताच तिने टॅब उचलला. नऊ नंबर, इन्सुलिन दिले, सौदामिनी. दुसरी सुई गेलीच, असं लुंबिनीला वाटलं. ती खाटेकडे धावली. ताई रत्नम्माच्या दंडावर कापूस फिरवत होत्या, दुसऱ्या हातात भरलेली सिरिंज होती.

"ताई, थांबा. मी दिलंय त्यांना."

"मग नोंद कुठाय?"

"केलीच न्हाई. पण टॅबवर तर तुम्ही दिलं म्हणून हाय."

"खूण आधी केली. आता देऊन राहिले न."

ताईंनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. साखर तपासली, ठीक निघाली.

टॅबवर एक इन्सुलिन दिसत होतं आणि दिलंही एकच गेलं होतं. बरोबरच आहे की, राहू दे, असं ताई हळूच म्हणाल्या. लुंबिनीला त्या बरोबर नोंदीचीच धास्ती वाटली. घडलेलं सांगायला ती इन्चार्ज सिस्टरच्या खोलीकडे निघाली. दारातून मागे पाहिलं, तर रत्नम्मा अजून सुईसाठी बाही वर करून बसली होती.