डालग्याखालचा कोंबडा

मी एक जुने डालगे आहे. अदेरोने मला नदीकाठच्या फोकांपासून विणले, तेव्हा तिचा मुलगा ओंदिती रांगत होता. मला उपडे घातले की तो आत शिरून लपायचा.

मित्रांनो, माझे काम साधे. जुन्या कोंबड्यांत तरणा कोंबडा एकदम सोडला, तर त्या त्याला टोचून काढतात. म्हणून आधी त्याला माझ्याखाली ठेवायचे. फटींतून एकमेकांची ओळख झाली, की तिन्हीसांजेला खुराड्यात सोडायचे.

गेल्या सुगीत आमचा म्हातारा कोंबडा मानमोडीच्या रोगाने गेला. त्याच सुमारास ओंदितीने बायको-मुलाला घेऊन नदीपलीकडे वेगळे घर मांडायचे ठरवले. आमच्याकडे घर मांडायला निघालेला मुलगा आईच्या अंगणातल्या खुराड्यात रात्र काढून आरवलेला कोंबडा बरोबर नेतो. त्यानंतर त्या अंगणात तो मुलगा पुन्हा रात्र काढत नाही.

अदेरोने बहिणीकडून दोन तरणे कोंबडे आणले. ओंदितीला घाई. दुसऱ्याच दिवशी त्याने मला उचलून एक बाहेर सोडला. काळी कोंबडी सगळ्यांच्या पुढे धावली. रक्ताळलेला तुरा घेऊन ते पोर जे झुडपात पळाले, ते परत आले नाही.

"झाली घाई?" अदेरो म्हणाली. "आता दुसरा मी सांगेन तेव्हाच सुटेल."

"किती दिवस, आई?"

"ते काळीला विचार."

सहाव्या दिवशी काळी मला टेकून डुलक्या घेऊ लागली. मला वाटले, आज सुटका. अदेरोने पाहिले, दाणे टाकले आणि गुपचूप आत गेली.

"जमलं का गं त्यांचं?" ओंदितीने विचारले.

"कुठलं रे. अजून चोची मारतात."

कुंपणापलीकडून शेजारीण हसली, "अगं अदेरो, कोंबडा ठेवलायस की घरजावई?"

एरवी उभ्या उभ्या घास गिळणारा ओंदिती त्या दिवसांत रोज संध्याकाळी आईजवळ बसून मासे आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली खात असे. नवव्या संध्याकाळी त्याची नजर काळीवर गेली. ती मला बिलगून झोपली होती. तो बराच वेळ बघत राहिला.

"अजून दोन दिवस राहू दे, आई," तो हळूच म्हणाला.

अदेरोने हात धुतले. "नको. फार कोंडला तर आरवायचं विसरेल." तिने स्वतः मला उचलले आणि कोंबडा खुराड्यात काळीशेजारी ठेवला.

पहाटे तो आरवला. रीतीप्रमाणे सुनेने विस्तव घेतला, नातवाने कुऱ्हाड, ओंदितीने कोंबडा, आणि ती सारी नदीकडे उतरली.

आता मी कणगीच्या वळचणीला असते. कडांना वाळवी लागली आहे. मित्रांनो, जुनी डालगी चुलीत घालू नका. नव्याला रुळायला वेळ लागतो, आणि निघणाऱ्यालाही.

कधी कधी सकाळी अदेरो मला काढून अंगणात रिकामेच उपडे घालते. काळी येऊन टेकते. नदीपलीकडून आरव ऐकू येतो, तेव्हा दोघीही मान वर करतात.