नऊ गाठींचा चमत्कार

कचेरीच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली, त्या दिवशीही तोबा गर्दी. मधोमध प्रभुमहाराज आणि लाल दोऱ्यांची परडी. "फाइल म्हंजे जिवंत जीव हाय. तिला नजर लागती, मग ती टेबलावर बसकण मारती. जेवढी पीडा, तेवढ्या गाठी," असं म्हणत महाराज दक्षिणा घेत आणि फाइलला दोरा बांधत. आणि खरंच, वर्षभर अडलेली फाइल दोन दिवसांत सही होऊन येई. पार माळशिरसपर्यंत बोलबाला झाला होता.

सबिहाची फाइल सात महिने अडली होती, दर वेळी खिडकीतून परत यायची. नवरा वारला, त्याच्या रिक्षाचं परमिट तिच्या नावावर व्हायचं होतं. महिनाअखेरपर्यंत झालं नाही तर परमिट रद्द, मग रिक्षा दारात गंजणार आणि घरची चूल बंद. महाराजांनी तिला नऊ गाठींची पीडा सांगितली.

सबिहा चादरींच्या दशांना गाठी मारून पोट भरणारी बाई. गाठ दिसली की मोजायची तिला खोडच. दोन दिवस तिनं रांगेत बसून मोजल्या. दोन हजार दक्षिणेला दोन, पाच हजारांना पाच. देवाला इतका चोख हिशेब कशाला लागतो? तिनं नवी पेठेतून दहा रुपयांचा लाल दोरा आणला, स्वतःच नऊ गाठी मारल्या आणि फाइल खिडकीत दिली. गुरुबसप्पा कारकुनानं तिच्याकडे पाहिलंही नाही. जपमाळ ओढावी तशी दोऱ्यावरून बोटं फिरवली. दुपारी परमिट तिच्या हातात होतं.

लोक म्हणाले, महाराज पावले. आता तिला मुकाट घरी जाता आलं असतं, पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दोरा मीच बांधला, एक पैसा दिला नाही, असं तिनं सांगून टाकलं. महाराज जेवायला उठले होते, तेवढ्यात तिनं रांगेतल्या चौदा जणांच्या फायलींना फुकट नऊ-नऊ गाठी मारून दिल्या.

तासाभरात गुरुबसप्पा तो गठ्ठा घेऊन घामाघूम होत फाटकाशी आला आणि सगळ्यांच्या देखत बोलून बसला, "प्रभ्या, ह्यातल्या आपल्या कुटल्या?"

जेवून परतलेले महाराज परडीत तोंड घालून बसले.

"ऐकलं न्हवं?" सबिहा म्हणाली. "गाठ म्हंजे पावती. एक गाठ, एक हजार. दोऱ्यात काय बी न्हाय, समदं ह्यांच्या खिशात हाय."

परमिट रद्द करीन, असं गुरुबसप्पा गुरगुरला.

"करा की. फकस्त कारण लिहून द्या."

कारण काही त्याला लिहिता आलं नाही. लाचलुचपतवाल्यांकडच्या अर्जावर पहिली सही सबिहाची पडली, खाली चौदा.

फाइल देव हलवत नाही. ती पगारी माणूस हलवतो आणि त्याचा पगार आपण देतो. तेव्हा पुढच्या वेळी हात जोडण्याआधी गाठी मोजा.