डावरीचा गुलाब

या, सरकून जवळ बसा. एका गुलाबाची गोष्ट सांगायची आहे. लांबून ऐकण्यातली नाही ती.

आईने फ्रीजमधून डबा काढून ओट्यावर ठेवला, तेव्हा आतला गुलाब अजून धड होता. झाकण उघडलं आणि त्याला घाम फुटला. बाहेरची पाकळी आधी चमकली, मग मान टाकावी तशी लवली. फुंकर घालण्यापलीकडे आईला काही सुचेना. बघता बघता तळाशी गुलाबी चिखल झाला आणि वर नुसती तार उरली.

फॉन्डंटची, म्हणजे साखरेच्या कणकेची फुलं फ्रीजमध्ये ठेवायची नसतात. केक करून विकणाऱ्या त्या घरात हे भिंतींनाही पाठ होतं.

"अहो, हा डबा आत कुणी ठेवला?"

"मीच," बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले. "फळीला मुंग्या लागल्या होत्या. म्हटलं, तिचं एवढं एकच उरलंय. का गं?"

आईने झाकण दाबून बसवलं.

"काही नाही. सहज विचारलं."

लेक जाऊन वर्ष व्हायचं होतं. सगळे तिला डावरीच म्हणत. डाव्या हाताने वळायची, म्हणून तिच्या गुलाबाच्या पाकळ्या उलट्या फिरत.

"फूलसुद्धा तुझ्यासारखंच आडमुठं," आई म्हणायची.

"देवाने मला कुठल्या हाताने घडवलं ते आधी त्याला विचार," लेक म्हणायची.

केकवर फुलं बसवायचं काम बाबांचं. शंभरातून डावरीचं फूल ते नुसत्या नजरेने वेचत आणि केकच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे लावत. तेवढ्यावरून बापलेकीची रोज जुंपायची.

बाबा अंघोळीला गेले. आईने डबा धुऊन पुसला, कणीक मळली, पाकळ्यांच्या कडा बोटाने कागदासारख्या पातळ केल्या. डाव्या हाताने पहिलीच पाकळी फाटली. दुसरी फाटली. मग तिने उजव्या हातानेच, पण उलट वळायला घेतलं. ओठांवर देवाचं नाव होतं. मागणं काय होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. डोळे भरून आले की ती बाहीला पुसायची आणि पुढची पाकळी चिकटवायची. हाताची जात घोड्याची. लगाम सैल पडला की तो आपल्या तबेल्याकडे वळतो.

बाबा डोकं पुसत आले तेव्हा डबा जागच्या जागी होता. त्यांनी झाकण उघडलं.

"नीट आहे ना?" आईने विचारलं.

"नीट आहे की. तिचंच ते. बघ ना, कसं उलटं वळलंय."

आई वाकली. पाकळ्या एकीवर एक, शहाण्यासारख्या, सगळ्या उजवीकडे वळल्या होत्या.

तिने वर पाहिलं. बाबा डब्यातच बघत होते. टॉवेलातलं पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं.

"हो," आई म्हणाली. "आडमुठं कुठलं."

तर मायबापहो, तुमच्या ताटलीत कधी केकवरचं फूल आलं, तर लगेच कडेला सारू नका. कुठल्या अंगाला वळलंय ते क्षणभर बघा, आणि आमच्या डावरीची आठवण काढा.