तापातली आकडी

दुपारी शुनपेई उदोनच्या जाड शेवया उकळत होता आणि दीड वर्षांची लेक कोतो त्याच्या पायाशी झाकण वाजवत बसली होती. झाकण वाजायचं थांबलं म्हणून त्याने खाली पाहिलं. पोरीने डोळे फिरवले होते. अंग लाकडासारखं ताठ झालं होतं, ओठ निळे पडले होते. मग हातपाय झटक्याने उडू लागले.

घशात काहीतरी अडकलं, असंच त्याला वाटलं. तिला पालथी धरून तो पाठीवर थापट्या मारू लागला. तोंडातून फेसाशिवाय काही निघेना.

"आकडी आहे रे ती!" त्याची आई तोयोको धावत आली. हातात रुमाल गुंडाळलेली चॉपस्टिक. "दातांत घाल आधी, जीभ चावेल!"

त्याने रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडून बाई म्हणाली, "तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि नुसतं बघत राहा."

नुसतं बघत राहा? पोटची पोर डोळ्यांदेखत जात असताना?

"कुठली कोण बाई! मी पोरं वाढवलीत," असं म्हणत तोयोकोने चॉपस्टिक पुढे केली. खरं कोणाचं, त्याला कळेना. तरी त्याने आईचा हात बाजूला सारला आणि पोरीला कुशीवर वळवलं.

गाडी येण्याआधीच झटके थांबले. कोतो गाढ झोपली. तेव्हा कुठे त्याच्या हाताला जाणवलं, अंग तव्यासारखं तापलं होतं. सकाळी तर काहीच नव्हतं!

इस्पितळात डॉक्टर इगाराशी यांनी तपासलं. घसा लाल होता, बाकी धोक्याचं काही दिसलं नाही.

"मी सकाळी तिला आंघोळ घातली, त्याने झालं का?" शुनपेईने विचारलं.

"नाही."

"मी दोन पांघरुणं घातली होती," तोयोको पुटपुटली.

"त्यानेही नाही, आजी. एवढ्या लहान मुलांचा मेंदू अजून कच्चा असतो. ताप चढला की त्यातल्या पेशी कधीकधी एकदम भडकतात. आपल्याकडे जपानात तर हे पुष्कळ मुलांना होतं."

"मग तिलाच का?"

"ते नेमकं आम्हालाही सांगता येत नाही. काही घराण्यांत असतं. तुमच्याकडे कोणाला होतं?"

"कोणालाच नाही," तो ठामपणे म्हणाला.

तोयोको खाली बघत म्हणाली, "तुला यायची. एकदा नाही, बऱ्याचदा." तिने अंगठा पुढे केला. नखाजवळ जुना वण होता. "तोंडात घातला होता. कडकडून चावलास."

"पण तू तर विळा लागला म्हणाली होतीस!"

"मग काय सांगणार? बरा झालास, मोठा झालास. लोक घराण्याला नावं ठेवतात रे."

रागावावं की तिचा हात धरावा, त्याला समजेना. त्याने डॉक्टरांनाच विचारलं, "पुन्हा येईल?"

"येऊ शकते. बहुतेकांना येत नाही. मोठी झाली की जाते."

"ताप उतरवायचं औषध आधीच दिलं तर?"

"तापाने बेजार झाली तर द्या. पण त्याने आकडी टळेलच असं नाही. पाच मिनिटांवर चालली तर मात्र तडक इकडे या."

कोतो जागी झाली. बापाकडे परक्यासारखी बघत राहिली, मग आजीकडे हात पसरून रडू लागली. तोयोकोने तिला उचललं आणि मान वळवून डोळे पुसले.

तेवढ्यात कामावरून त्याची बायको नात्सुकी धापा टाकत आली. "अहो, काय झालं? कशामुळे झालं?"

शुनपेईने तोंड उघडलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं त्याच्याकडे. दुसऱ्याचं कुठून सुरू करावं, हे कळेना. त्याने बायकोला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "आधी तिच्या कपाळाला हात लावून बघ. मला अजून धड कळत नाहीये, ताप अजून आहे की माझेच हात गार पडलेत."