भाता थांबला की

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे. गोठ्याच्या कुडात खोचलेली, गंजलेली आणि थोडी चिडकीसुद्धा. माझ्या पात्यावर एक बारीक रेघ दिसते ना, ती भेग नाही. तो माझा सांधा आहे, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

माझं अंग साध्या लोखंडाचं, धार मात्र मोडक्या लॉरीच्या कमानीतल्या पोलादाची. नुसतं लोखंड लवकर बोथट होतं, नुसतं पोलाद तडकतं, म्हणून दोघांना एकजीव करतात. एटापल्लीकडच्या एका गावात पत्रू लोहार हे काम करायचा. दोन्ही तुकडे भट्टीत तापवायचे, वर नदीची बारीक रेती टाकायची आणि पांढरा रंग आला की लगेच घण घालायचा. क्षण चुकला की सांधा गेला.

त्याची बायको बुधरी भाता चालवायची. ती भाता थांबवायची आणि पत्रू सांडशी उचलायचा. लोक म्हणत, काय नजर आहे पत्रूची!

१९५५ च्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, इतवारी नावाचा एक माणूस मला घडवून घ्यायला आला. पावसाळ्यात त्याच्या गावाची वाट बंद व्हायची. त्याआधी त्याला चार महिन्यांचं सरपण तोडायचं होतं. बघायला माणसं जमली. त्यातला एक लाकडांचा ठेकेदार हसला, "काऊन जी पत्रू, बायकोबिगर तुही भट्टी चालत नाई का?"

पत्रूला ते लागलं. त्यानं बुधरीला घरात पाठवलं आणि भात्यावर इतवारीला बसवलं. इतवारी बिचारा भाता ओढतच राहिला. पत्रू थांबून थांबून शेवटी अंदाजानं मला बाहेर काढून बसला. घण पडला, ठिणग्या उडाल्या आणि माझी करपलेली धार मातीत पडली.

इतवारीचं तोंड उतरलं. पोलादाचा आता एकच तुकडा उरला होता.

मला वाटलं, पत्रू इतवारीवर खेकसणार. पण त्यानं घण खाली ठेवला. "भाऊ, तुही चूक नाई. मले रंग दिसत नाई. दोन सालं झाले. रंग बुधरीच पाह्यते अन् भाता थांबवून मले सांगते."

कुणी हसलं नाही. पत्रूनं घराकडे हाक मारली, "बुधरी, ये वो! आता तोंडानं सांग."

ती आली, भात्यावर बसली. आणि थोड्या वेळानं सगळ्यांसमोर तिचा आवाज खणखणीत निघाला, "काढा जी!"

इतवारीनं मला तीस वर्षं वापरलं. पाच दांडे बदलले, सांधा तसाच राहिला. कुणी म्हणालं, "पत्रूच्या हातची दिसते," की तो लगेच म्हणायचा, "पत्रू अन् बुधरीच्या."

आता इतवारी नाही. त्याच्या नातवांनी बाजारातून नवी कुऱ्हाड आणली, मला विसरले. वाईट वाटतं मला, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, कधी इकडे आलात तर माझ्यावर तेलाचं एक बोट फिरवा. आणि मला कोणी घडवलं असं कुणी विचारलं, तर दोन्ही नावं सांगा.