थुंकीतलं खजुरीचं झाड

सोमवारी संध्याकाळी फर्निचरवाल्यांच्या सभागृहात इतक्या बायका जमल्या, की विकायला मांडून ठेवलेल्या नवरीच्या पलंगांवरही दाटीवाटीने बसल्या होत्या. शम्म अल-नसीमचा, म्हणजे वसंताचा, सण होता. दुपारी आमच्या सगळ्या दुमयात गावाने नदीकाठी चादरी अंथरून खारवलेले मासे आणि कांद्याची पात पोटभर खाल्ली होती. बायकांनी पुदिना कितीही चघळला, तरी सभागृहात वास यायचा तो आलाच.

मंचावर मदाम जिलान. पांढरा कोट, सोनेरी बूट, एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात लिपस्टिकएवढी नळी.

"बहिणींनो, दवाखान्याचे उंबरे किती वर्षं झिजवणार? आता दवाखाना तुमच्या पर्समध्ये! हिचं नाव नख्ला, म्हणजे आपली खजूर. या काचेवर थुंकीचा एक थेंब टाकायचा, वाळू द्यायचा आणि भिंगाला डोळा लावायचा. आत खजुरीचं झाड दिसलं, की समजा कूस हाक मारतेय. त्या दिवशी नवऱ्याला कॉफीच्या दुकानात जाऊ देऊ नका!"

बायका खिदळल्या.

"पथ्य एकच. बघायच्या आधी दोन तास पाणी प्यायचं नाही. पाण्याने झाड वाहून जातं."

मग रांग लागली. पहिलीने डोळा लावला आणि किंचाळली, "अगं बाई, झाड!" दुसरीला झाड, तिसरीलाही झाड. दर झाडागणिक जिभा हलवून अशी किलकारी उठे, की बाहेर रस्त्यावर कुणाचं तरी लग्न लागतंय असं वाटावं. चाळीस बायका, चाळीस झाडं. पंचाहत्तरीची आमच्या गल्लीतली म्हातारी तेवढी रांगेत नव्हती, ती गुडघ्यांमुळे.

त्या चाळिसांत माझी भाची इब्तिहाल होती. लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नाही. तिने भिंगातून पाहिलं आणि माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. "खाला, फांद्या आहेत गं. खऱ्याखुऱ्या फांद्या."

फांद्या मलाही दिसल्या होत्या.

पण खरी मेख पुढे होती. मदामने काचेचा एक मोठा वाडगा समोर ठेवला. "झाडावर विश्वास आहे ना? मग दवाखान्याच्या चिठ्ठ्या यात टाका. डॉक्टरांची सुई आणि माझी नख्ला एका घरात नांदत नाहीत. उद्या संध्याकाळी नवऱ्याला घेऊन या, चिठ्ठी द्या आणि नळी विकत न्या. तीन महिने. तीन महिन्यांत पाळणा हलला नाही, तर बाईचं मनच बंद आहे. त्याला मी काय करू, आणि नवऱ्याने तरी काय करावं?"

इब्तिहालच्या सासूने, उम्म बसयूनीने, हे शेवटचं वाक्य कान देऊन ऐकलं. बुधवारी सकाळी सरकारी दवाखान्यात इब्तिहालची आणि तिच्या नवऱ्याची, बसयूनीची, दोघांचीही तपासणी होती. पाच महिने वाट पाहून मिळालेली ती चिठ्ठी. बसयूनी बिचारा खुर्च्यांना पॉलिश करणारा, अबोल माणूस. बायकोने वर्षभर विनवल्यावर कसाबसा तयार झाला होता.

घरी पोचण्याआधीच सासू म्हणाली, "झालं ना? झाड दिसलं. आता माझ्या पोराला बाटलीत काय करायला लावताय? मर्दाची अब्रू आहे काही! उद्या चिठ्ठी वाडग्यात जाईल. तीन महिने देते. नंतर मी पोराचं दुसरं लग्न लावीन."

इब्तिहाल रडली नाही. तिला त्या झाडाची आशाही होती, हेच तर वाईट होतं.

मी तशीच अब्ला हमदियाकडे गेले. तिने तीस वर्षं मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवलं. निवृत्त झाली तरी अर्धं गाव तिला अब्लाच म्हणतं, म्हणजे बाई. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी पिऊ नका म्हणाली. खाऊ नका म्हणाली का?"

"नाही."

"कशी म्हणेल! इब्तिहालला सांग, उद्या साधा भात आणि दही खायचं, मीठ नाही. दुपारी चूळ भरून दात घासायचे. नंतर तोंडात काही नाही, थेंबभरही नाही. आणि मला माशाच्या बरणीतलं चमचाभर पाणी आणून दे."

मंगळवारी सभागृहात नवरे मागच्या भिंतीला पाठ लावून उभे होते, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. वाडगा अर्धा भरला होता. उम्म बसयूनी चिठ्ठी मुठीत आवळून पुढे सरसावली, तेवढ्यात अब्ला उठली.

"मदाम, चिठ्ठी देण्याआधी मुलीचं झाड पुन्हा एकदा बघू या. काल तर भरघोस होतं म्हणे."

"बघा की! रोज वाढतं ते."

इब्तिहालने थेंब टाकला. वाळला. मदामने डोळा लावला आणि नळी हलवली, पुसली, पुन्हा डोळा लावला. अब्लाने नळी काढून घेतली आणि शेजारच्या दोघी-तिघींना दाखवली. "काय दिसतंय?"

"ठिपके. नुसते ठिपके."

"एका दिवसात झाड कुणी तोडलं?" अब्ला वळली. "उम्म बसयूनी, तुम्ही थुंका."

"मी? अगं, मी सहासष्टची!"

"जेवणात काय होतं?"

"कालचे उरलेले मासे. टाकू का ते?"

सासूचा थेंब वाळला आणि शेजारीण ओरडली, "झाड! हज्जा, मुबारक! बारसं कधी?"

सभागृहात हशा फुटला. कुणीतरी खरंच किलकारी मारली. उम्म बसयूनीने ओढणीने तोंड झाकलं, पण एक डोळा भिंगातच होता.

"वयस्कर बाईत जुनी ऊर्जा साचते," मदाम माइकमध्ये म्हणाली. "हे शास्त्र खोल आहे, आपा."

"खोल असू दे, आपण आणखी खोल जाऊ. बसयूनी, पुढे ये बाळा."

बसयूनी मिशीपर्यंत लाल झाला. पण आला आणि थुंकला. मिशीवाल्याचं झाड सगळ्यांत डेरेदार निघालं. मागच्या भिंतीवरून आवाज आला, "बसयूनी, मुलगी झाली तर माझ्या पोराला दे!"

शेवटी अब्लाने बरणीतलं पाणी काचेवर टाकलं. मेलेल्या, खारवलेल्या, दोन महिने मुरलेल्या माशाचं पाणी. बायका एकेक करून पाहत गेल्या. आत अख्खी खजुरीची बाग होती.

"मीठ आहे हे," अब्ला म्हणाली. तिला माइक लागला नाही. "खारट लाळ वाळताना मिठाचे स्फटिक असेच फांद्या फोडत जातात. बाईच्या महिन्याच्या काही दिवसांत लाळेतलं मीठ थोडं वाढतं, तेवढी गोष्ट खरी. त्याच खऱ्या गोष्टीच्या आडोशाने ही बाई धंदा करते. खारे मासे खा, पुरुषालाही झाड येतं. वरून पाणी पिऊ नका, म्हणजे मीठ धुतलं जायला नको. रांगेतल्या एका मुलीने घेतलेल्या नळीच्या डबीतला परदेशी कागद मी आत्ता वाचलाय. त्यात लिहिलंय, आधी खाऊही नका, आणि यावर विसंबूही नका. मदाम, ती ओळ तुमच्या भाषणातून कुठे गळाली? आणि वर्षात याच आठवड्यात आमच्या गावात कशा येता?"

मदाम म्हणाली की अश्रद्धेने यंत्र बिघडतं. मग म्हणाली की तिची गाडी चुकीच्या जागी उभी आहे. गाडी बघायला गेली ती परत आली नाही. बायका वाडग्यावर तुटून पडल्या आणि आपापल्या चिठ्ठ्या शोधू लागल्या.

उम्म बसयूनीची मूठ मात्र अजून मिटलेलीच होती. "नळी खोटी असेल. म्हणून माझ्या पोराने दवाखान्यात..."

"आई," बसयूनी म्हणाला. शंभर लोकांसमोर थुंकून झाल्यावर त्याला आता कसली लाज उरली होती? त्याने आईची बोटं एकेक करून सोडवली आणि चिठ्ठी बायकोला दिली. "सकाळी किती वाजता निघायचं?"

दोन आठवड्यांनी अहवाल आला. मी तिथेच होते. इब्तिहालचं सगळं ठीक. बसयूनीची बीजं कमी आणि मंद. बंद खोलीत पॉलिशच्या वाफेत काम करणं थांबव, सिगरेट सोड, औषधं घे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. मूल होईलच असं त्या म्हणाल्या नाहीत. बसयूनीने तो कागद आईला स्वतः वाचून दाखवला, एकही ओळ न गाळता.

मग सवयीने म्हणा, घाबरून म्हणा, सासू पुटपुटली, "तरी पण... दुसरी सून आणून बघायला..."

"आणा ना, सासूबाई," इब्तिहाल शांतपणे म्हणाली. "पण नवरा तिलाही हाच मिळणार."

आधी बसयूनी हसला. मग मी. उम्म बसयूनीने आम्हा दोघांकडे रागाने पाहिलं, आणि उठून मुलाच्या औषधाची वेळ विचारली.

बायांनो, मूल हवंसं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. नळी, पट्टी, थर्मामीटर, घरात काय हवं ते ठेवा. फार तर मूल राहण्याचा दिवस कळेल. आतली वाट मोकळी आहे का, बीज जिवंत आहे का, हे कुठल्याही भिंगातून दिसत नाही, आणि माइकवरून तर मुळीच नाही. त्यासाठी तपासणी लागते. ती दोघांची करा, आणि पहिल्यांदा त्याची करा. ती सोपी असते, दुखत नाही. आणि कुणी तुमची दवाखान्याची चिठ्ठी मागितली, तर तिथूनच उठा.

सात वर्षं इब्तिहालने ज्या अपराधापायी मान खाली घातली, तो तिचा नव्हता. त्याचाही नव्हता. तो अपराधच नव्हता, आजार होता. हे कळायला एका सकाळची तपासणी पुरली.