याडीच्या भिंतीवरचं इंग्रजी पत्र

वामनरावाचं नाव निघालं का माह्या डोक्यात आजही तिडीक जाते. मेल्या माणसाले नावं ठेवू नये म्हणतात. मी ठेवीन. त्यानं त जित्या माणसाले मारलं, अन् खाली सही माही घेतली.

दोन हजार सहाची गोठ. मी यवतमाळले नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाले होती. राळेगावच्या बाजूचा आमचा तांडा, त्यातली कॉलेजात गेलेली पह्यली पोरगी मी. आम्ही बंजारे. घरात गोरबोली, बाजारात मराठी. अन् कॉलेजात इंग्रजी. ते वाचलं त समजे, पण लिहाले बसलं का हात गार पडत.

त्या साली कापसाले भाव नव्हता अन् वेचणीले माणूस नव्हता. दिवाळीनंतर आभाळ भरून आलं. याडीनं, म्हणजे माह्या मायनं, सांगावा धाडला. बोंडं फुटून लोंबून राह्यली, पाणी पडलं त कापूस काळा पडते, चार दिवस ये. चार दिवसांचे एकोणीस झाले. मी कॉलेजात ना कोणाले विचारलं, ना सांगतलं. परत गेली त प्रिन्सिपल मॅडमनं भर वर्गातून उठवलं. मॅडम केरळच्या, त्याईले मराठी येत नव्हती. म्हणे, काहून गैरहजर होती ते इंग्रजीत लिहून आण. मनापासून लिही. मले पटलं नाही त तुहं नाव कमी.

नाव कमी झालं असतं त पुढच्याच महिन्यात माहं लग्न लावलं असतं. पोरगा पाहून ठेवला होता. म्हणून मी राळेगावले वामनरावाकडं गेली. जाताजाता घरी याडीले फक्त इतकं सांगतलं का नाव कापून राह्यले.

एस्टी स्टँडच्या मागं वामनरावाची ओसरी. कचेरीतून हेडक्लार्क होऊन घरी बसला होता, पण टाइपरायटर सुटला नव्हता. तालुक्यात कोणाले इंग्रजी अर्ज लागला का त्याच्याच पाया पडायचं.

“कारण काय?” त्यानं कागद चढवत विचारलं.

“कापूस वेचत होती.”

“हे कारण नाही. हे गाऱ्हाणं झालं. पस्तीस वर्षं मी लोकांचे रजेचे अर्ज घेतले आहेत. कचेरीत दोनच कारणं चालतात, आजार आणि मौत. आजाराला सर्टिफिकेट लागतं.”

“अन् मौतीले?”

“मागायची कोणाची छाती होत नाही. घरात म्हातारं कोण आहे?”

“आजी होती. मागंच गेली.”

“आजीला एकोणीस दिवस कोणी देत नाही.” त्यानं चष्मा पुसला. “आई.”

माह्या अंगाचा भडका झाला. म्हटलं, “काका, मॅडमनं मनापासून लिहायले सांगतलं हाय.”

“ते शेवटी येतं,” तो म्हणे, अन् खडाखडा टाइप करत गेला. खाली आल्यावर मले बोट ठेवून दाखवलं. युवर्स सिन्सिअरली. “हे घे. झालं मनापासून.”

लोकं म्हणतील म्हाताऱ्यानं अडाणी पोरीले फसवलं. कायचं फसवलं? ‘मदर’ अन् ‘एक्स्पायर्ड’ हे दोन शब्द काय मले समजत नव्हते? दवाखान्यात रोज लिहीत होती मी. पुरं पत्र दोनदा वाचलं अन् सही केली. हेच त झोंबते. त्याले शिव्या देते तवा अर्ध्या मलेच लागतात.

पत्र दिलं, अन् दुसऱ्या दिवशी मॅडमनं हापिसात बोलावलं. खुर्चीवर बसवलं, माहा हात हातात घेतला. मॅडमचे डोळे भरून आलेले. म्हणे, मी तुले उगाच बोलली. मी खाली मान घालून बसली. तितक्यात शिपाई आला, म्हणे कोणी बाई आली हाय, अन् निघून गेला.

दारात याडी उभी. पह्यल्या एस्टीनं आली होती. आरशाचा घागरा, हातभर बांगड्या, बोटांच्या चिरांत कापसाच्या पऱ्हाटीची काळीक. मायले नाव कापायचं ऐकून झोप लागली नव्हती. माह्याकडं तिनं पाह्यलंही नाही. सरळ टेबलाजवळ गेली अन् मॅडमपुढं हात जोडले.

“बाई, पोरीची काही चूक नाही. मी बोलावली तिले. कापूस भिजत होता म्हणून मी बोलावली. शिक्षा करायची त मले कर.”

सारं खरं होतं. एकोणीस दिवसांचं खरं कारण त्या दोन ओळींत आलं होतं, अन् हापिसात ते समजणारी मी एकटीच होती. मॅडमनं मले इंग्रजीत विचारलं, ह्या कोण? काय म्हणून राह्यल्या?

याडी माह्याकडं आशेनं पाहून राह्यली होती, का पोरगी आता नीट समजावून सांगन.

“शी इज माय मदर्स सिस्टर,” मी म्हटलं. “शी इज सेइंग थँक यू.”

मॅडम उठली. याडीचे दोन्ही हात तिनं धरले. मग कॉलेजच्या कागदावर, टाइप नाही, आपल्या हातानं पानभर लिहिलं, पाकिटात घातलं अन् याडीच्या हातात दिलं. याडीनं पाकीट कपाळाले लावलं.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, “काय लिहिलं बाईनं?”

“तुही पोरगी हुशार हाय म्हणून लिहिलं. नाव नाही कापत.”

पुढच्या रविवारी मी वामनरावाशी भांडाले गेली. ओसरीवर उभी राहून तोंडाले येईन ते बोलली. तो फक्त इतकंच म्हणे, “नाव राहिलं ना?” राह्यलं होतं. मी घरी आली.

घरी आली त याडीनं पत्राले काच लावून सेवालाल महाराजांच्या फोटोच्या बाजूले टांगलेलं. अन् तवापासून हे लागलं. सणावाराले गेली, चार पाहुणे बसले, का ती म्हणे, “पुष्पा, ते वाच.” अन् मी वाची. धनीबाईची, म्हणजे याडीची, लेक गुणी आहे, कष्टाळू आहे, गावाचं नाव काढील. मले उमरखेडले सरकारी नोकरी लागली तरी वाचणं सुटलं नाही. दरवर्षी एखादं वाक्य वाढे.

औंदा दिवाळीले गेली तवा वामनराव गेल्याचं समजलं होतं. याडीले सांगतलं. ती चुलीपाशी बसून भाकर थापत होती. बाहेर अंगणात भावकी बसलेली.

“वाच,” ती म्हणे.

मी वाचलं. याडीनं भाकर उलथली.

“मॅडम दरसाली येऊन नवीन लिहून जाते काय त्याच्यात?”

मी चुलीत काडी सारली.

“आपल्या शाळेतल्या प्रेमसिंग मास्तरानं पह्यल्याच आठवड्यात वाचून दाखवलं मले,” ती म्हणे. आवाज चढला नाही. “धनीबाई गेली, लय चांगली बाई होती, पोरीले चांगलं वळण लावून गेली. मेल्या म्हशीले मणभर दूध. पण त्या बाईनं मनापासून लिहिलं होतं. मास्तराचाही गळा भरून आला.”

“मंग टांगलं काहून, याडी?” मी विचारलं.

“तू येशीन तवा तुले दिसावं म्हणून. नऊ वर्षं झाली, तू मनापासून कवा वाचतं ते पाहून राह्यली मी.”

मी काचेपुढं उभी राह्यली. कागद पिवळा पडला होता, पण सारं वाचता येत होतं. मी सुरू केलं. “तुमची बहीण धनीबाई गेल्याचं समजलं. फार वाईट वाटलं...”

“मोठ्यानं,” याडी म्हणे. “बाहेर ऐकू गेलं पाह्यजे.”